खानदेशातल्या भिल्लांच्या बंडाचे नेते त्रिंबकजी डेंगळे नव्हते

एक मेसेज सगळीकडे फिरतोय, परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरांच्या नोट्समध्येपण तेच सापडतं, की खानदेशातलं भिल्लांचं बंड पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांच्या चिथावणीने झालं, तेच त्याचे नेते, आणि 1819 ला इंग्रजांनी ते मोडल्यावर सगळं शांत झालं. मी शिरपूर तालुक्यातला, हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

डेंगळेंचा संबंधच नव्हता असं मी म्हणत नाहीये. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांच्या खुनाच्या आरोपावरून इंग्रजांनी त्यांना ठाण्याच्या किल्ल्यात कोंडलं होतं, तिथून सप्टेंबर 1816 ला ते निसटले आणि नाशिक, संगमनेर, खानदेशच्या डोंगरात फिरून माणसं जमवली, त्यात भिल्लपण होते रामोशीपण होते. पुढे त्यांचे पुतणे गोदाजी आणि महिपा हेपण भिल्लांना उठवत होते. इथवर बरोबर.

पण नेते? तारखा बघा ना. डेंगळे 1818 च्या जूनअखेरीस नाशिककडच्या अहिरगावात पकडले गेले. मग ठाणे, आणि तिथून पार काशीजवळच्या चुनारच्या किल्ल्यात, तिथेच 1829 ला कैदेत वारले. आणि 1819 ला इथे डोंगरच्या डोंगर पुन्हा उठले, तेव्हा हा माणूस बेड्यांत होता.

आता 'चिथावणी', मला सगळ्यात जास्त टोचतो तो हा शब्द. भिल्ल गावाची राखण करायचे, घाट सांभाळायचे, त्याबदल्यात गावाकडून त्यांचा हक्क ठरलेला असायचा. होळकर-पेशव्यांच्या भांडणात 1802 नंतर खानदेश लुटला गेला, लगेच 1803-04 चा दुष्काळ, गावंच ओस पडली तर हक्क कोण देणार? पोट भरायला डोंगरात गेले आणि लुटारू ठरले. त्यावर पेशव्यांच्या अधिकाऱ्यांनी काय केलं तर 1804 ला कोपरगावला बोलावून दगा देऊन कापून काढलं. नंतर गोदावरीकाठ 'साफ' करायचं काम ज्यांच्याकडे गेलं ते हेच त्रिंबकजी डेंगळे, आणि त्यांच्या हाताखालच्या माणसाने दिसेल तिथे भिल्ल मारले. म्हणजे ज्यांनी आपली माणसं मारली त्यांच्या एका शब्दावर हे लोक जीव द्यायला निघाले असं आपण पोरांना शिकवतोय का? भिल्लांचं स्वतःचं दुखणं होतं, आणि इंग्रज आल्यावर तर डोंगरात जाणारं धान्यच अडवायला लागले. त्यांच्या साहेबांना सगळा दोष पेशव्याच्या एका कारभाऱ्यावर टाकणं सोपं होतं, पण आपण तेच दोनशे वर्षांनी का गिरवायचं?

'शांत झालं' हे तर साफ खोटं. 1825 ला बागलाणात सेवारामचं बंड. त्याच वर्षी आऊट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्लांचीच पलटण उभी केली, ठाणं धरणगावला, कारण नुसत्या फौजेने डोंगर हाती येत नव्हता. 1857 ला काजरसिंग नाईक, भीमा नाईक हे भिल्ल नेते उठले, आणि 11 एप्रिल 1858 ला सातपुड्यातल्या आंबापाणीची लढाई, तिथे भिल्ल बायकापण लढल्या.

आणि सरदार-किल्लेदारांपैकी खानदेशात नाव घ्यायचंच तर थाळनेरच्या तुळशीराम मामांचं घ्या. मंदसोरच्या तहात होळकरांनी हा मुलूख सोडून दिला होता तरी फेब्रुवारी 1818 ला किल्ल्याने दार उघडलं नाही, इंग्रज सेनापती हिस्लॉपने किल्ला घेतला, आतली शिबंदी कापली आणि मामांना फाशी दिली. तापीकाठी तो किल्ला पडक्या अवस्थेत अजून आहे, आमच्या गावापासून तासाभराचापण रस्ता नाही, आणि त्या मेसेजमध्ये त्याची एक ओळ नाही.