“फक्त विचारा, तुम्हाला काय वाटतं?” एवढ्यानं वर्गात तत्त्वज्ञान होत नाही

शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, बऱ्याच जणांनी वाचला असेल. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: इंग्लंडमध्ये सिद्ध झालंय की आठवड्यातून एकदा मुलांना तत्त्वज्ञानाच्या प्रश्नांवर बोलू दिलं की गणित आणि वाचन सुधारतं. शिक्षकाला त्यासाठी वेगळं ट्रेनिंग लागत नाही, गोष्ट वाचा आणि “तुम्हाला काय वाटतं” विचारा. यात चूक-बरोबर काही नसतं, त्यामुळे घाबरू नका. आणि आपल्याकडे हे नचिकेता-गार्गीपासून आहेच.

लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच आहे. हे आपल्या शाळांत यावं असं मलाही मनापासून वाटतं, आणि म्हणूनच लिहितोय, कारण या मेसेजच्या भरवशावर कुणी सुरुवात केली तर दोन-तीन महिन्यांत सगळं बंद पडणार आणि “आपल्या मुलांना हे झेपत नाही” म्हणून दोष पोरांच्या माथी जाणार.

“इंग्लंडमध्ये सिद्ध झालंय”

अर्धीच गोष्ट सांगितलीय. २०१५ मध्ये तिथल्या एज्युकेशन एंडोमेंट फाउंडेशननं ४८ शाळांमधल्या ३,००० हून जास्त मुलांवर केलेल्या चाचणीचा रिपोर्ट आला, त्यात वाचन आणि गणितात साधारण दोन महिन्यांची जास्तीची प्रगती दिसली, गरीब घरातल्या मुलांमध्ये त्याहून थोडी अधिक. जगभर बातम्या झाल्या त्या याच. पण त्याच संस्थेनं पुढे १९८ शाळा घेऊन मोठी चाचणी केली, तिचा रिपोर्ट २०२१ मध्ये आला आणि त्यात वाचनाच्या निकालात काही फरक सापडला नाही. ही दुसरी बातमी कुणी फॉरवर्ड केली नाही.

मग हे सगळं फुकट का? अजिबात नाही. त्या दुसऱ्या चाचणीतल्या शिक्षकांनीही सांगितलं की मुलं आपलं म्हणणं नीट मांडायला लागली, दुसऱ्याचं ऐकायला लागली. अमेरिकन तत्त्वज्ञ मॅथ्यू लिपमननं शाळेतल्या मुलांसोबत तत्त्वज्ञान करायचं हे सगळं सुरू केलं तेव्हा मार्क हा विषयच नव्हता. तो कोलंबिया विद्यापीठात शिकवायचा, साठच्या दशकाच्या शेवटी, व्हिएतनाम युद्धावरून कॅम्पस पेटलेले असताना त्याला जाणवलं की कॉलेजात आलेल्या पोरांना तर्क शिकवणं म्हणजे फार उशीर झाला, सुरुवात शाळेतच व्हायला हवी. १९७४ मध्ये न्यू जर्सीतल्या माँटक्लेअर स्टेट कॉलेजात त्यानं संस्था काढली, ॲन शार्प यांच्यासोबत अभ्यासक्रम बांधला. मार्कांचं आमिष दाखवून आपण हा तास विकला तर पहिल्याच घटक चाचणीनंतर पालक विचारणार, कुठे वाढले मार्क? आणि आपल्याकडे उत्तर नसणार.

“ट्रेनिंग लागत नाही”

हे तर सगळ्यात चुकीचं, आणि गंमत म्हणजे ज्या चाचणीचा दाखला देतायत तिच्यातच शिक्षकांना आधी ट्रेनिंग दिलं होतं! सॅपेरे नावाची तिथली संस्था १९९२ पासून हेच काम करते, शिक्षकांचा सुरुवातीचा कोर्स दोन दिवसांचा, आणि वर ट्रेनर शाळेत येऊन मदत करायचे.

ट्रेनिंग कशाचं, तर प्लेटो आणि कांट पाठ करायचं नाही. आपल्याला लागलेली एक जुनी सवय सोडायचं. वर्गात आपण काय करतो बघा, प्रश्न विचारतो, मूल उत्तर देतं, आपण “शाब्बास” किंवा “नीट विचार कर” म्हणतो आणि पुढच्या मुलाकडे वळतो. म्हणजे प्रत्येक वाक्य आपल्याकडून निघतं आणि आपल्याकडेच परत येतं, मुलं एकमेकांशी बोलतच नाहीत. त्यातून अमेरिकेत मेरी बड रो यांनी सत्तरच्या दशकात मोजलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी एक सेकंदच थांबतात, आणि तेच तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब होतात, जास्त मुलं बोलतात, कारणं द्यायला लागतात. तीन सेकंद! वाचायला सोपं वाटतं पण चाळीस पोरांसमोर गप्प उभं राहून बघा, जीव कासावीस होतो. हे भाषण ऐकून येत नाही, करूनच येतं.

समजा चौथीचा वर्ग आहे, मुलांनी स्वतः प्रश्न निवडलाय, मित्राला वाचवायला खोटं बोललं तर ते वाईट का? एक मुलगा म्हणतो, नाही सर, मित्र वाचला ना. ट्रेनिंग नसलेला शिक्षक बहुतेक म्हणेल, “छान, पण आपण नेहमी खरंच बोलावं.” संपलं, सगळ्या वर्गाला कळलं की उत्तर सरांकडे होतंच. जो शिकून आलाय तो विचारेल, “म्हणजे उपयोग झाला की खोटं वाईट राहत नाही, असं म्हणतोयस का?” मग वर्गाकडे बघून, “उपयोग झाला तरी वाईटच वाटेल असं उदाहरण कुणाला सुचतंय?” मग कुणीतरी मागून म्हणेल, कॉपी करून पास झालो तर? आणि आता पहिल्या मुलाला आपलं वाक्य बदलावं लागतं, तेही मित्राच्या उदाहरणामुळे, सरांच्या धाकानं नाही. हा दुसरा प्रश्न नेमका त्या क्षणी सुचणं, आणि स्वतःचं मत जिभेवर आलेलं असताना ते गिळणं, हेच कौशल्य.

लिपमनच्या पद्धतीत म्हणूनच शिक्षक आधी स्वतः विद्यार्थी होऊन गोलात बसतात, मुलांसाठी लिहिलेली तीच गोष्ट वाचतात, त्यावर प्रश्न काढून भांडतात. नंतर ट्रेनर त्यांच्याच वर्गात तास घेऊन दाखवतो, आणि मग शिक्षक घेतो तेव्हा ट्रेनर बसून बघतो. तिसरी पायरी सगळ्यात महागाची आणि आपल्याकडच्या बहुतेक प्रशिक्षणांत नेमकी तीच नसते, हॉल, पीपीटी, जेवण, सर्टिफिकेट, आणि वर्गात कुणी फिरकत नाही.

“चूक-बरोबर काही नसतं”

या वाक्यानं फार नुकसान होतं. एकच ठरलेलं उत्तर नसतं हे खरं, पण कारण चांगलं असतं किंवा कच्चं असतं. “मला वाटतं म्हणून” हे कारण नाही. आत्ता बोललेलं मघाच्या बोलण्याशी जुळत नसेल तर ते दाखवावंच लागतं. कुणी म्हणालं की अमक्या जातीची माणसं अशीच असतात, तर “प्रत्येकाचं मत असतं” म्हणून पुढे जाणारा शिक्षक चुकतोय, त्यानं विचारायलाच हवं, सगळी? कशावरून? तसं नसलेलं कुणी ओळखीचं आहे का? आणि ज्या मुलाला ते वाक्य लागलंय त्याच्याकडेही लक्ष हवं. हे दोन्ही एकाच वेळी सांभाळणं अवघड आहे, म्हणून तर सराव हवा.

“आपल्याकडे आहेच”

ग्रंथांत आहे, वर्गात नाही. आणि त्या गोष्टी तरी नीट वाचूया. नचिकेतानं “मला कुणाला देणार” असं परत परत विचारलं तेव्हा बाप चिडून म्हणाला, मृत्यूला. यमानंही आधी हत्ती-घोडे, सोनं देऊ करून तिसऱ्या वरात विचारलेला प्रश्न टाळायचा प्रयत्न केला. गार्गीला याज्ञवल्क्य म्हणाला, अतिप्रश्न करू नकोस, डोकं गळून पडेल, तरी ती त्याच सभेत परत उभी राहिली. दोन्हीकडे विचारणारा धीट आहे आणि मोठी माणसं त्याला गप्प करायला बघतायत. मग या गोष्टींतून शिक्षकानं काय घ्यायचं ते स्पष्टच आहे.

आपल्या परिपाठात रोज बोधकथा असते, पण तात्पर्य आधीच ठरलेलं असतं आणि पोरं ते एका सुरात म्हणतात. तीच कथा तात्पर्य न सांगता थांबवायची, मुलांकडून प्रश्न घ्यायचे, फळ्यावर लिहायचे, मतदानानं एक निवडायचा आणि अर्धा तास त्यावरच राहायचं, असं जमू शकतं. द्विशिक्षकी शाळेत तर लहान-मोठी मुलं एकत्रच असतात, तिथं हे उलट जास्त रंगेल असं मला वाटतं. पट मोठा असेल तर अर्धी मुलं आत गोल करून बोलतील, अर्धी बाहेर बसून ऐकतील आणि नंतर अदलाबदल.

वेळ नाही म्हणू नका. नव्या शैक्षणिक धोरणात, २०२० च्या, प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तास प्रशिक्षणाची अपेक्षा आहेच. त्यातले काही तास शिक्षकांनी स्वतः गोलात बसून वाद घालावा आणि बाकीचे तास एखाद्या जाणकारानं त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर बसून फक्त लिहून घ्यावं, कोण किती बोललं, शिक्षक किती सेकंद थांबला, कुठे घाईनं उत्तर देऊन टाकलं. मग सुट्टीत दोघांनी ते कागद घेऊन बसावं.