‘इंडिका घ्या, गोळ्या फेका’ म्हणणाऱ्यांनी आधी हे वाचावं

रविवारी रात्री साडेदहाला मावशीचा फोन आला. एरवी या वेळी ती कुणालाच फोन करत नाही. “अगं, ते गांजाचे, इंडिकाचे थेंब चांगले असतात का गं? आणि आजपासून झोपेची गोळी नाही घेतली तर चालेल ना?” पहिला प्रश्न मी नीट ऐकलाही नव्हता, दुसरा ऐकून ताडकन उठून बसले.

मावशी ७१ वर्षांची आहे. हृदयाची मिट्रल झडप बदलून यांत्रिक झडप बसवलेली, त्यामुळे रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिन तिला आयुष्यभर घ्यायची आहे. झोपेसाठी क्लोनाझेपाम गेली सहा वर्षं चालू. जुन्या मैत्रिणींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिला जो मजकूर आला तो असा:

“गांजाची इंडिका जात शरीराला शांत करते, सॅटिव्हा जात मेंदूला तरतरी देते. निद्रानाश असणाऱ्यांनी रात्री शुद्ध इंडिकाचे दोन थेंब जिभेखाली घ्यावेत. लहान मुलासारखी झोप लागते. शंभर टक्के नैसर्गिक, म्हणून दुष्परिणाम नाहीत आणि सवय लागत नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०२० मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला आहे. झोपेच्या गोळ्या आजच फेकून द्या. घरातल्या ज्येष्ठांना आवर्जून पाठवा.”

त्याच ग्रुपमधल्या कुणीतरी बाटली मिळवून देतो असंही कळवलं होतं. हा मजकूर तुमच्याही घरात पोचला असेल, म्हणून उत्तर इथे लिहितेय. सुरुवात शेवटच्या ओळींपासून करते, कारण माणसाला थेट इस्पितळात नेणारं काही यात असेल तर ते तिथे आहे.

“झोपेच्या गोळ्या आजच फेकून द्या.”

कुठल्या गोळ्या? किती दिवसांपासून चालू असलेल्या? लिहिणाऱ्याला याची काहीच चौकशी करावीशी वाटली नाही. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम, लोराझेपाम या सगळ्या बेन्झोडायझेपिन गटातल्या गोळ्या. मेंदूची धावपळ आवरणारं गाबा नावाचं रसायन मेंदूत असतंच, या गोळ्या त्याचा जोर वाढवतात. महिनोन् महिने गोळी मिळत राहिली की मेंदू तिच्या आधाराने आपली घडी बसवतो. तो आधार एका रात्रीत काढला तर झोप पार उडते, हात थरथरतात, छातीत धडधडतं, आणि काहींना फिट येते. ही फिट जिवावर बेतू शकते. सप्टेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, या गटातल्या सगळ्या औषधांवरचा चौकटीतला इशारा वाढवला, त्यामागचं एक मोठं कारण हेच होतं: शरीर या गोळ्यांवर अवलंबून राहतं आणि त्या एकदम थांबवणं धोक्याचं असतं. म्हणून डॉक्टर त्या आठवड्या-आठवड्याने, थोड्या थोड्या कमी करत सोडवतात.

गोळीची जागा थेंब भरून काढतील, हेही खोटं आहे. गांजातलं टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, मेंदूतल्या सीबी-१ नावाच्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या एका ठरावीक खाचेत, जाऊन बसतं. बेन्झोडायझेपिनची जागा वेगळी, काम वेगळं. गुंगी दोन्हींनी येते एवढ्यावरून एक दुसऱ्याच्या जागी चालेल असं मानायचं, तर डोकेदुखी आणि पोटदुखी या दोन्ही दुखतात म्हणून एकाच गोळीने थांबतील असंही मानावं लागेल.

आता मावशीची दुसरी गोळी. वॉरफरिनचा निचरा यकृतातलं सीवायपी-२सी९ नावाचं एन्झाइम करतं. टीएचसी आणि सीबीडी, गांजातले हे दोन्ही मुख्य घटक, त्या एन्झाइमच्या कामात आडवे येतात. वॉरफरिन रोज तेवढीच घेतली तरी रक्तात ती साचत जाते, आयएनआर, म्हणजे रक्त किती सावकाश गोठतं हे दाखवणारा तपासणीतला आकडा, चढतो, आणि रक्त गरजेपेक्षा जास्त पातळ होतं. वॉरफरिनवर असलेल्या माणसाने गांजा ओढला आणि आयएनआर भलताच वाढून रक्तस्राव झाला, अशा रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत छापून आल्या आहेत. मावशीचा आयएनआर २.५ ते ३.५ च्या मध्ये ठेवायचा असतो. एखादं साधं अँटिबायोटिक चालू केलं तरी तिची तपासणी लगेच परत करतात. आणि इथे कुणीतरी तिला थेंब देणार, ते कशाचे हे कुणालाच ठाऊक नाही.

तिचं रात्रीचं उठणं मी पाहिलेलं आहे. दोनदा तरी उठावं लागतं. पलंगाच्या काठावर जरा बसते, पाय चपलेत सरकवते, कपाटाची कडी धरून उभी राहते, मग भिंतीला हात लावत बाथरूमकडे जाते. टीएचसीने रक्तवाहिन्या सैलावतात, नाडी वाढते आणि उभं राहताना रक्तदाब खाली येतो. तरण्या माणसाला थोडं गरगरेल आणि तो खाली बसेल. मावशीची ती कडी सुटली आणि डोकं फरशीवर आपटलं, तर वॉरफरिन घेणाऱ्या माणसाच्या डोक्यात काय होतं, हे मेंदूच्या कुठल्याही सर्जनला विचारा. ‘घरातल्या ज्येष्ठांना आवर्जून पाठवा’ हे वाक्य लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एकसुद्धा खरा म्हातारा माणूस नव्हता.

“रात्री दोन थेंब.”

दोन थेंबांत किती? डोस मिलिग्रॅममध्ये सांगतात. एका बाटलीच्या थेंबात टीएचसी जवळजवळ नसेल, दुसऱ्या बाटलीच्या थेंबात रात्रभर भिंती फिरतील इतकं असेल, आणि रंगावरून दोन्ही सारख्याच दिसतील. जिभेखाली घेतलेल्यातलं बरंचसं शेवटी गिळलंच जातं. गिळलेलं टीएचसी यकृतात गेलं की त्याचं ११-हायड्रॉक्सी-टीएचसी होतं, आणि तेही चांगलंच चढतं. असर दिसायला अर्ध्या तासापासून दोन तास लागतात, कधी त्याहूनही जास्त. या मधल्या वेळेत माणसाला वाटतं की काहीच झालं नाही, आणि तो आणखी दोन थेंब घेतो. बहुतेकांचा घोळ इथेच होतो. मग मध्यरात्री छाती धडधडते, जीव घाबरा होतो, वेळेचं भान जातं. मरत कुणी सहसा नाही, हे मान्य. श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या भागात सीबी-१ रिसेप्टर फार थोडे असतात, त्यामुळे अफूच्या पदार्थांसारखा श्वास बंद पडत नाही. पण क्लोनाझेपामवर हे थेंब पडले तर दोन्हींची गुंगी एकमेकींवर चढते. आणि सत्तरीतल्या बाईला एका रात्रीत भ्रम होणं, ती कुठे आहे हे तिला न कळणं, ही काही लहान गोष्ट नाही.

“इंडिका शांत करते, सॅटिव्हा तरतरी देते.”

या वाक्यावर एवढा बाजार उभा आहे की ते खरंच असणार असं लोकांना वाटतं. म्हणून नावाची गोष्ट सांगते. लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ मध्ये या वनस्पतीला कॅनाबिस सॅटिव्हा असं नाव दिलं. त्याच्यासमोर होती ती मुख्यतः युरोपात धाग्यासाठी लावली जाणारी. १७८५ मध्ये लामार्क या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने भारतातून आलेले नमुने पाहून तिला वेगळं ठरवलं आणि इंडिका म्हटलं. तिच्या गुणाबद्दल त्याने लिहिलं ते असं की ती डोक्यात चढते, दुःख विसरायला लावते आणि माणसाला उल्हसित करते. नाव देणाऱ्याने उल्हास लिहिला आणि आज त्याच नावावर झोप विकली जातेय!

मग आजची ती बुटकी, रुंद पानांची ‘इंडिका’ कुठून आली? विसाव्या शतकाच्या सत्तरच्या दशकात रिचर्ड शुल्टीस या वनस्पतिशास्त्रज्ञाने अफगाणिस्तानात तशी झाडं पाहिली आणि इंडिका हे नाव त्यांना लावलं. तेच नाव बाजारात रुळलं. लामार्कचं भारतीय झाड आजच्या विक्रेत्यासमोर ठेवलं, तर उंची आणि बारीक पानं बघून तो त्यावर सॅटिव्हाची चिठ्ठी लावेल. म्हणजे या दोन शब्दांमधला भेद पानांच्या रुंदीचा आणि झाडाच्या उंचीचा. झाड बुटकं असल्याने माणसाला झोप येत नाही.

आणि ती चिठ्ठी तरी खरी असते का? २०१५ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी गांजाच्या ८१ नमुन्यांची जनुकं तपासली. त्यात ‘शंभर टक्के सॅटिव्हा’ म्हणून ओळखला जाणारा जमैकाचा एक वाण अफगाणिस्तानातल्या ‘शंभर टक्के इंडिका’ वाणाशी जनुकांनी जवळजवळ तंतोतंत जुळला. पुन्हा वाचा ते वाक्य. दोन टोकाच्या चिठ्ठ्या आणि आत जवळजवळ तेच झाड. ‘शुद्ध इंडिका’ या शब्दाला यानंतर काय किंमत उरते?

यात थोडं खरं आहे ते नाइलाजाने सांगते. २०२१ मध्ये आलेल्या आणखी एका अभ्यासात असं दिसलं की इंडिकाची चिठ्ठी लागलेल्या नमुन्यांत मायर्सीनसारखी काही सुवासिक द्रव्यं जास्त आढळतात. मातीसारखा वास आला की पिकवणारे त्याला इंडिका म्हणतात, एवढं त्यातून दिसतं. मायर्सीनने झोप येते याचे दाखले उंदरांवरचे आहेत, माणसांवरचा भक्कम पुरावा नाही. आणि ‘मला तर इंडिकाने जड वाटतं’ म्हणणारे खोटं बोलत नाहीत. टीएचसीचा डोस मोठा असला की अंग जड होतं, डोळे मिटतात. चिठ्ठीवर सॅटिव्हा लिहिलं असतं तरी ते झालं असतं. वर ‘याने झोप लागते’ असं आधीच कानावर पडलेलं असतं, त्याचाही वाटा असतो.

“लहान मुलासारखी झोप लागते.”

इथे एकच संदर्भ देते, पण तो पुरेसा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींनी जानेवारी २०१७ मध्ये गांजा आणि आरोग्य यावर उपलब्ध संशोधनाचा मोठा आढावा प्रसिद्ध केला. झोपेबद्दलचा त्यांचा निष्कर्ष असा: झोपेत श्वास अडकणं, फायब्रोमायल्जिया (अंगभर दुखत राहण्याचा आजार), जुनाट वेदना आणि मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू आणि मज्जारज्जूचा एक आजार) यांमुळे ज्यांची झोप बिघडली आहे, त्यांना थोड्या काळासाठी फायदा होतो याचा मध्यम दर्जाचा पुरावा आहे, आणि तोही मुख्यतः नॅबिक्सिमॉल्स या औषधाचा. हे औषध म्हणजे तोंडात मारायचा फवारा, ज्याच्या प्रत्येक दाबात २.७ मिलिग्रॅम टीएचसी आणि २.५ मिलिग्रॅम सीबीडी मोजून असतं. यातला एकेक शब्द त्या मजकुराशी ताडून बघा. थोड्या काळासाठी. ठरावीक आजारांत. मोजलेल्या औषधाने. यातल्या श्वास अडकण्याच्या आजारासाठी तर अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांच्या संघटनेने पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये, गांजा वापरू नये असं स्पष्ट सांगितलं.

सुरुवातीला झोप लवकर लागते, हे खरं आहे. पण महिनाभर रोज घेतलं की शरीर सरावतं आणि तेवढ्याच झोपेसाठी जास्त लागतं. स्वप्नं पडतात ती आरईएम झोप टीएचसीने दबते. थांबवलं की ती उसळून येते, रात्री भयंकर स्वप्नांनी जाग येते, आणि माणूस म्हणतो, ‘बघा, थेंबांशिवाय मला झोपच येत नाही.’

“सवय लागत नाही.” लागते. गांजा सोडल्यावर होणारा त्रास २०१३ पासून मानसिक आजारांच्या अमेरिकन संहितेत, डीएसएम-५ मध्ये, स्वतंत्र निदान म्हणून नोंदलेला आहे. त्याच्या लक्षणांत चिडचिड आणि भूक मरण्याबरोबर झोप उडणंही आहे.

“नैसर्गिक आहे.” धोतराही नैसर्गिक आहे. यावर एक उत्तर नेहमी येतं की आपला मेंदू स्वतःच गांजासारखं द्रव्य बनवतो. बनवतो. १९९२ मध्ये ते सापडलं आणि संस्कृतातल्या आनंद शब्दावरून त्याला आनंदामाइड हे नाव मिळालं. पण मेंदू ते गरजेपुरतं, गरज असेल तिथे तयार करतो आणि बघता बघता मोडूनही टाकतो. टीएचसी तासन् तास राहतं आणि सगळीकडे पोचतं.

“संयुक्त राष्ट्रांनी यादीतून काढला.” २ डिसेंबर २०२० ला मतदान झालं, २७ विरुद्ध २५. अमली पदार्थांवरच्या १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या चौथ्या, सर्वांत कडक यादीतून गांजा निघाला. पहिल्या यादीत तो तसाच आहे, म्हणजे नियंत्रण कायम आहे. औषधी उपयोगाची शक्यता मान्य झाली, एवढाच त्याचा अर्थ. तो उपयोग आहेच: लहान मुलांच्या काही कठीण अपस्मारांसाठी शुद्ध केलेलं सीबीडी २०१८ पासून अमेरिकेत मान्यताप्राप्त औषध आहे. तेही डॉक्टर वजनानुसार मोजून देतात आणि सोबत यकृताच्या तपासण्या करून घेतात.

मावशीने त्या रात्री क्लोनाझेपाम घेतली. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा ती जरा खट्टू होती. “पण गं, मला ती गोळी सोडायचीय हे खरंच आहे,” म्हणाली. यात तिचं काहीच चुकत नाही. त्या वयात ती गोळी कमी झाली तर चांगलंच, फक्त ती हळूहळू आणि डॉक्टरांच्या नजरेखाली कमी व्हायला हवी. झोपेसाठी पहिला उपाय म्हणून अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१६ पासून सवयी आणि विचार बदलणारी वर्तन-उपचार पद्धतीच सुचवली आहे: उठण्याची वेळ रोज एकच, झोप येत नसेल तर पलंगावर तळमळत न पडणं, वगैरे. त्याला काही आठवडे लागतात.

मंगळवारी तिची आयएनआरची तपासणी आहे. औषधांच्या डबीवर तिने स्वतःच्या अक्षरात एक चिठ्ठी चिकटवलीय: “डॉक्टरांना विचारणे — झोपेची गोळी किती दिवसांत कमी करता येईल.” बाटली आणून देणाऱ्याला तिने ‘नको’ म्हणून कळवलंय. ग्रुपवर मात्र तो मजकूर अजून आहे, खाली अकरा जणींचे जोडलेले हात आहेत, आणि त्यातल्या किती जणींच्या औषधांच्या डबीत वॉरफरिन किंवा क्लोनाझेपाम आहे हे मावशी आता एकेकीला फोन करून विचारतेय.