सहा वर्षांच्या पोरीचं कसलं आलंय पाप?

काल एका ग्रुपवर परत तेच वाचलं, "देव कुणावर अन्याय करत नाही, ज्याचं त्याचं कर्म ज्याला त्याला भोगावं लागतं", खाली नुसते हात जोडलेले इमोजी. राहवलं नाही म्हणून लिहितेय.

29 सप्टेंबर 1993, अनंत चतुर्दशी. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूच्या गावांत लोक बाप्पाला निरोप देऊन उशिरा घरी आले, झोपले, आणि पहाटे 3:56 ला जमीन हलली. जवळपास दहा हजार माणसं गेली. सास्तूरजवळच माझ्या आत्याचं घर होतं. तिची धाकटी सहा वर्षांची, मिरवणुकीत नाचून इतकी दमली होती की पाय न धुताच झोपली, ती माळवदाखालीच राहिली.

पुढे पत्र्याच्या शेडमध्ये एक महाराज येऊन आत्याला म्हणाले, मागच्या जन्मीचं काहीतरी असणार माय. मला त्या वाक्याचा आजही संताप येतो. देव सगळं करू शकतो आणि देव दयाळू आहे, हे दोन्ही आपण एका दमात म्हणतो, पण त्या ढिगाऱ्यासमोर दोन्ही एकत्र टिकत नाही, आणि आपल्याला त्यातलं एकही सोडवत नाही, म्हणून मग मेलेल्या पोरीच्याच माथी पाप मारायचं!

माणसं कशाने मेली ते माहितीये, दगडमातीच्या जाड भिंती आणि उन्हात गारवा राहावा म्हणून वर टाकलेला मातीचा थर. यात कर्म कुठे आलं? हां, देवाने हे होऊ का दिलं याचं उत्तर त्यात नाही, मान्य. 1755 ला पोर्तुगालच्या लिस्बनमध्ये ऐन सणाच्या सकाळी भूकंपात भरलेली चर्चेस लोकांच्या अंगावर पडली तेव्हाही हाच प्रश्न होता आणि तेव्हाही पापाचंच कारण सांगणारे होते.

तुकोबांची बायको दुष्काळात अन्न अन्न करत गेली. त्यांनी ते तसंच सांगितलं, तिचं पाप शोधत बसले नाहीत. दुष्काळ आला ते बरं झालं असंही म्हणाले, पण ते स्वतःच्या दुःखाबद्दल, शेजाऱ्याच्या नाही. हा फरक आपल्याला का कळत नाही?

आत्या अजून गणपती बसवते, फक्त विसर्जनाच्या रात्री घरात झोपत नाही, अंगणात बाज टाकून बसते. मी एकदा विचारलं, देवाचा राग येतो का गं? म्हणाली, "येतो की. दरसाली इचारते त्याला. अजून काय बोलला न्हाई."