चला, सुरू करूया!

काल एका काकांनी माझ्या इन्स्टॉलरसमोर 11 मिनिटं बसून एकही डिस्क पुसली नाही की काही बसवलं नाही. डोकं अजून तापलेलंच आहे.

ऑपरेटिंग सिस्टिम बसवताना लोक बिचकतात, म्हणून ती बसवून देणाऱ्या इन्स्टॉलरचे पडदे जरा माणसाळवायचे, हे आमचं काम. 'पुढे' हे बटण काढून आम्ही 'चला, सुरू करूया!' केलं. त्याचे कोपरे किती गोल असावेत यावर तीन मीटिंगा झाल्या. चाचणीत मात्र वापरणाऱ्याला मदत करायची नसते. मागे बसायचं, वहीत लिहायचं, तोंड बंद.

काकांनी चष्मा पुसला, 'आपलं स्वागत आहे' मोठ्यानं वाचलं, "धन्यवाद" म्हणाले आणि थांबले. मी वहीत लिहिलं : धन्यवाद म्हणाले.

"चला, सुरू करूया... तुम्हीपण येताय, का मी एकटाच?"

मी गप्प. शेवटी एकटेच गेले. पुढच्या पडद्यावर दोन पर्याय : 'संपूर्ण डिस्क पुसून बसवा' आणि 'सध्याच्या सिस्टिमशेजारी बसवा'.

"शेजारी? आधीच्या बिऱ्हाडाला विचारलंय का?" मग आवाज उतरला. "यात नातीचे फोटो आहेत. ते जातील का हो?"

असा थेट प्रश्न आला की आम्ही उलटा प्रश्न टाकतो, तशी शिकवणच आहे. "तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटून काय उपयोग? बनवलंय तुम्ही."

फेडोरा 18 या लिनक्स सिस्टिमच्या इन्स्टॉलरमध्ये, 2013 साली, 'झालं' हे बटण वरच्या डाव्या कोपऱ्यात ठेवलं होतं. त्यावर मी वर्षानुवर्षं हसत आलो. 1999 च्या कॅल्डेरा ओपनलिनक्स या दुसऱ्या लिनक्समध्ये तर फायली कॉपी होईपर्यंत टेट्रिससारखा खेळ खेळता यायचा. त्यांनी निदान माणसाचा वेळ तरी घालवला. माझ्या पडद्यावर लिहिलंय 512 जीबी, एनटीएफएस, ईएफआय. फोटोंबद्दल अक्षर नाही.

'शेजारी बसवा' म्हटलं की जुनं पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा कप्पा, आक्रसून जागा काढली जाते. सहसा फोटो राहतात. पण तेवढ्यात वीज गेली तर सांगता येत नाही, म्हणून आधी बॅकअप घ्यायचा. हे दोन ओळींत लिहिता येतं. मी लिहिलंही होतं. 'घाबरवणारा मजकूर' म्हणून ते चौथ्या पडद्यावर, एका बारीक 'अधिक माहिती'खाली गेलं. काका चौथ्या पडद्यापर्यंत पोचलेच नाहीत.

"फोटोंचं नक्की झालं की बोलवा," म्हणाले आणि उठले. जाताना खुर्चीसुद्धा नीट आत सरकवली.

अहवाल आज आला. निष्कर्ष : बटण ठळक नाही. दुपारी चारला रंगाची मीटिंग आहे.