शाळा फुकट आहे, मग पोरं कोयता का धरतात?

दिवाळी झाली की एक मेसेज दरवर्षी फिरतो. मजकूर साधारण असा : शाळा फुकट, पुस्तकं फुकट, वर खिचडीही, तरी ऊसतोडीवाल्यांची पोरं कोयताच धरतात, कारण आईबापांना उचलीची, म्हणजे मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून हंगामाआधी मिळणाऱ्या आगाऊ पैशांची हाव. ज्याला शिकायचंय तो दिव्याखालीही शिकतो. यंदा आमच्या घरच्या ग्रुपवर आला, म्हणून हे लिहितोय.

शाळा फुकट आहे, कबूल. 2009च्या कायद्याने सहा ते चौदा वयाच्या पोरांचा तो हक्कच आहे. पण शाळा भरते जूनला, आणि बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, केजकडची बिऱ्हाडं ऑक्टोबर-नोव्हेंबरात कारखान्यावर निघतात ती मार्च-एप्रिलला परततात. म्हणजे निम्मं वर्ष वर्ग गावात आणि पोर उसाच्या फडात. जिथं जातील तिथल्या शाळेनं मधेच दाखल करून घ्यावं, असंही कायदा सांगतो. तोडकऱ्यांची टोळी मात्र फड संपला की पुढच्या गावाला!

आता हाव. 2024च्या जानेवारीत तोडणीचा दर टनाला 273 वरून 366 रुपये झाला. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. दोघांनी दिवसात दोन टन ऊस तोडला, मोळ्या बांधल्या, डोक्यावरून वाहून गाडी भरली, तर 732 रुपये. उचल एक लाखाची धरा. ती फिटायला 273 टन लागतात, म्हणजे एकही खाडा न करता साडेचार महिने. मधे पोर तापलं, पाऊस लागला, की बाकी पुढच्या हंगामाच्या बोकांडी. आणि उचल जाते कुठं? दुकानाची उधारी, दवाखाना, लेकीचं लग्न. बँक यांना दारात उभं करत नाही. मुकादम घरी येऊन पैसे मोजतो. ही हाव असेल, तर आपल्या गृहकर्जाला काय म्हणायचं?

‘अमक्याचा मुलगा फौजदार झाला की!’ झाला ना. बहुतेक वेळा त्याला सांभाळायला आजी गावात होती. मेसेजमध्ये आजी कधीच नसते. हंगामी वसतिगृहं निघाली ती या आजीच्याच जागी. जिथं नीट चालतात तिथं पोरं गावातच राहतात.

मुलींचं तर विचारूच नका. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या 40 टक्क्यांहून जास्त बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता. लग्न लावलं की पूर्ण कोयता, पूर्ण उचल.

राहिला दिवा. तो फडावरच्या झोपडीत, कोपीतही असतो हो. रात्री दोनला गाडी भरायची हाक येते, आईबाप उठून जातात, आणि नऊ वर्षांची थोरली त्याच दिव्याखाली जागी बसते, कारण धाकटं रडतंय आणि बाहेर उसाच्या वाळल्या पाल्यात, पाचटात काहीतरी सळसळतंय.