मात्रा चालली नाही

मुलीच्या आठवीच्या प्रवेशाचा विषय घरात निघाला, तेव्हा तिला शाळा कोणती मिळेल याची मला काळजी होती. ती काळजी अगदीच किरकोळ ठरली. शाळा दुसऱ्याच दिवशी मिळाली. अडले ते नावात, आणि नावातही मुलीच्या नव्हे, तर माझ्या. नेमके सांगायचे तर माझ्या नावातल्या ‘त्र’ या अक्षराच्या डोक्यावर असलेल्या, किंवा नसलेल्या, एका मात्रेत.

आमची अनघा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकली. ती शाळा सातवीला संपते, त्यामुळे प्रगतिपुस्तक आणि शाळा सोडल्याचा दाखला अशा दोन्ही गोष्टी बरोबरच हातात पडतात आणि वर्गातले सगळे पालक एकाच आठवड्यात साताऱ्यातल्या माध्यमिक विद्यालयांच्या पायऱ्या चढू लागतात. आम्ही निवडलेले विद्यालय अनुदानित होते, घरापासून चालत वीस मिनिटांवर होते, आणि जाताना उतार, येताना चढ अशी त्याच्या वाटेची अस्सल सातारी रचना होती. शिक्षणहक्काचा कायदा २००९ सालचा. त्याप्रमाणे आठवीपर्यंतचा प्रवेश देताना परीक्षा घेता येत नाही, देणगी मागता येत नाही, आणि चाळणी मुलाचीही लावायची नाही व पालकांचीही लावायची नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. कागदांच्या चाळणीबद्दल मात्र कायदा काही बोलत नाही, हे मला खिडकीपाशी उभे राहिल्यावर समजले.

खिडकीआड लिपिक भाऊसाहेब बसले होते. त्यांनी दाखला आणि अनघाचे आधार कार्ड शेजारी शेजारी ठेवले आणि लग्नाच्या पत्रिका जुळवणाऱ्या जोशीबुवांच्या गांभीर्याने एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिले.

“सर, जुळत न्हाई,” ते म्हणाले. “दाखल्यावर दत्तात्रय आहे. आधारवर दत्तात्रेय.”

“एकच नाव आहे ते, भाऊसाहेब.”

“तुमच्या-माझ्यासाठी एकच आहे. कॉम्प्युटरसाठी दोन माणसं झाली.”

आता इथे मला माझ्या आयुष्यातील एक दोष कबूल केला पाहिजे. मी गेली सत्तावीस वर्षे मुद्रितशोधनाचे काम करतो. लग्नपत्रिकेपासून पतसंस्थेच्या वार्षिक अहवालापर्यंत साताऱ्यात छापले जाणारे पुष्कळ काही माझ्या लाल पेनाखालून गेले आहे, आणि चूक दिसली की माझा हात माझ्या ताब्यात राहत नाही. माझ्या जन्माआधी आमच्या आबांनी औदुंबरला नवस बोलला होता, म्हणून माझे नाव दत्तावरून ठेवले. पण ते ठेवताना त्यांनी, अर्ध्या महाराष्ट्राप्रमाणेच, ‘दत्तात्रय’ असे ठेवले. वास्तविक अत्रि ऋषींचा पुत्र तो आत्रेय आणि दत्त अधिक आत्रेय मिळून दत्तात्रेय. ‘त्रय’ म्हणजे तिघे. तीन शिरे पाहून लोकांचा तसा समज होत असावा, पण व्युत्पत्ती शिरे मोजत नाही. हे ज्ञान मला विसाव्या वर्षी झाले आणि तेव्हापासून मी जिथे संधी मिळेल तिथे स्वतःला एक मात्रा लावून घेत आलो. आधार कार्ड काढताना तर मी केंद्रावरच्या मुलाला संधी सोडवून दाखवला होता. अनघाचे कार्ड काढतानाही मीच शेजारी उभा होतो. तिचा जन्मदाखला आणि पहिलीचा प्रवेश मात्र आबांनी केला होता. म्हणजे एकाच मुलीला कागदोपत्री दोन बाप मिळाले होते, आणि दोघांनाही मीच जन्माला घातले होते.

ही सगळी व्युत्पत्ती मी भाऊसाहेबांना सांगितली. माझ्या मागे रांगेत सातआठ पालक होते, त्यांनीही ऐकली. भाऊसाहेबांनी शेवटपर्यंत मान हलवली आणि मग विचारले, “मग दाखला चुकीचा आहे, असं लिहून देता का?”

ते माणूस म्हणून सज्जन होते, हे नमूद केले पाहिजे. त्यांनी मला त्यांची बाजूही समजावली. मुलाचे नाव, जन्मतारीख आणि लिंग हे तिन्ही आधारशी जुळले, तरच ते मूल संगणकावर वैध ठरते. आणि शाळेला शिक्षकांची किती पदे मिळायची, हे ठरवणारी संच मान्यता या वैध मुलांच्या संख्येवरच होते. वर्गात बाकावर बसलेले, डबा खाणारे, खिडकीतून अजिंक्यताऱ्याकडे बघणारे मूल त्या हिशेबात धरले जात नाही. “तुमच्या एका मात्रेपायी आमचा एक गुरुजी जायचा,” ते म्हणाले. यात थोडी अतिशयोक्ती होती, पण मी ज्या धंद्यात आहे, त्यात मात्रेचे महत्त्व मीच लोकांना पटवत असतो, त्यामुळे मला वाद घालता येईना.

मी जुन्या शाळेत गेलो. मुख्याध्यापिकाबाईंनी कपाटातून जनरल रजिस्टर नंबर १ काढले. दाखल्यावर जे लिहिले जाते, ते या रजिस्टरबरहुकूम असते आणि त्यात कोणालाही मनाने खाडाखोड करता येत नाही. सात वर्षांपूर्वीच्या त्या ओळीत आबांच्या सांगण्यावरून, सुंदर वळणदार अक्षरात, मात्रेविना माझे नाव लिहिलेले होते.

“मुलगी शाळेत असताना आला असता, तर दुरुस्तीचा प्रस्ताव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवला असता,” बाई म्हणाल्या. “आता तिनं शाळा सोडली.”

“तिनं सोडली नाही, बाई. शाळाच संपली.”

“कागदावर सोडली असंच लिहितात, सर.”

म्हणजे स्थिती अशी झाली, की नाव दुरुस्त करायचे तर मुलगी शाळेत हवी, आणि मुलगी शाळेत जायची तर नाव दुरुस्त हवे. मी पुन्हा नव्या शाळेच्या खिडकीपाशी आलो. या वेळी तयारीने आलो होतो. त्याच कायद्यात असे आहे, की शाळेत पुढचे वर्ग नसतील तर मुलाला दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क आहे आणि दाखला यायला उशीर झाला, एवढ्या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही. मी ते कलम भाऊसाहेबांना वाचून दाखवले.

“पण आम्ही प्रवेश नाकारलाच कुठं?” त्यांनी दुखावल्या स्वरात विचारले. “पंधरा तारखेनंतर शाळा सुरू झाली, की खुशाल पाठवा तिला. बसू दे वर्गात. फक्त नोंद व्हायची नाही. ती सध्या ड्रॉपबॉक्समध्ये आहे.”

संध्याकाळी मी घरी हे सांगितले, तेव्हा पत्नीचा चेहरा पाहण्यासारखा झाला. “अहो, ती तर मघापासून आत अंथरूण घालतेय!” जुन्या शाळेतून निघालेली आणि नव्या शाळेने अजून न ओढून घेतलेली मुले संगणकाच्या ज्या कप्प्यात राहतात, त्याला ड्रॉपबॉक्स म्हणतात, हे मी समजावून सांगितले. आबांनी तेवढ्यात कपाळावर हात मारला. त्यांनी शाळा मिळाल्याच्या आनंदात मोती चौकातून कंदी पेढे आणून गल्लीत वाटूनही टाकले होते. आबांचा या सगळ्यावर एकच शेरा होता. कर्मवीर भाऊराव पाटलांनी खेड्यापाड्यांतून मुले गोळा करून १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढले, त्या वेळी त्यांनी कुणाच्या बापाची मात्रा मोजली नाही, असे ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहून त्यांनी पुढे जोडले, “आणि मी ठेवलेलं नाव काय वाईट होतं रे?”

मधले आठ दिवस पोवई नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले, त्यांचे वर्णन करत नाही. शासनाने २०१५ सालापासून कागदपत्रे स्वतःच साक्षांकित करण्याची आणि स्वयंघोषणापत्र देण्याची मोठी सोय केली आहे, तिचा फायदा घ्यावा म्हणून मी घोषणापत्र लिहायला बसलो. ‘मी दत्तात्रेय असे घोषित करतो, की दत्तात्रय ही व्यक्ती मीच आहे.’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते, पण वाचणाऱ्याला ते मीच लिहिले आहे की दुसऱ्याने, असा संशय यावा. झेरॉक्सवाल्याने ‘दत्तात्रय उर्फ दत्तात्रेय’ असे सुचवले. वर्तमानपत्रात ज्यांच्या नावात ‘उर्फ’ येते, ते बहुधा पोलिसांना हवे असतात. तरी मी तसे टंकून घेतले. खाली सही करायची वेळ आली, तेव्हा सत्तावीस वर्षांत प्रथमच मला माझ्या नावाचे शुद्धलेखन आठवेना.

भाऊसाहेबांनी घोषणापत्र फाइलला लावून घेतले. कॉम्प्युटरने ते वाचले नाही.

त्याच दिवशी परत येताना राजवाड्याजवळच्या प्रतापसिंह हायस्कूलवरून माझी वाट गेली आणि मी रस्त्यातच थबकलो. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव या शाळेत दाखल झाले. रजिस्टरात १९१४ या क्रमांकापुढे ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद आहे आणि त्या दिवसाची आठवण म्हणून राज्यात ७ नोव्हेंबरला विद्यार्थी दिवस पाळला जातो. ज्या गावात रजिस्टरातल्या एका ओळीला एवढे मोल आहे, तिथे मी रजिस्टरला नावे ठेवत हिंडावे, हे मलाच बरे दिसेना. आणखी एक गोष्ट मनात आली. जग ज्यांना भीमराव म्हणून ओळखते, त्यांच्या नोंदीत भिवा आहे. दोन नावांमध्ये एका मात्रेपेक्षा कितीतरी मोठे अंतर आहे. त्या अंतराने काही अडले नाही. रजिस्टरातले नाव जिथल्या तिथे राहिले आणि माणूस पुढे गेला. मी मात्र माणसाला उंबऱ्यावर थांबवून नाव दुरुस्त करत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अनघाला घेऊन आधार केंद्रावर गेलो. भुरभुर पाऊस, टोकनची रांग, आणि रांगेत प्रत्येकाच्या नावात काही ना काही कमी-जास्त. एका आजींचे वय नातवापेक्षा थोडेच जास्त लागले होते. आमचा नंबर आल्यावर संगणकावरच्या मुलीने जन्मदाखला पाहिला.

“काय दुरुस्ती?”

“मधल्या नावातली मात्रा काढायची आहे.”

“काढायची? लोक घालायला येतात.” तिने माझ्याकडे नीट पाहिले. “काका, नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. नक्की ना?”

मी अनघाकडे पाहिले. ती पडद्यावर येणारे स्वतःचे नाव वाचत होती. मी होय म्हणालो. इंग्रजीतले ‘ई’ गेले, त्या जागी ‘ए’ आले, आणि त्याबरोबर मराठीतली मात्रा पुसली गेली. ज्या मात्रेसाठी मी लोकांच्या लग्नपत्रिका परत छापायला लावल्या होत्या, ती अशी अर्ध्या सेकंदात गेली.

अकराव्या दिवशी दुरुस्ती झाल्याचा संदेश आला. तोवर शाळा सुरू झाली होती आणि अनघा रोज नोंदीवाचून वर्गात बसून येत होती. भाऊसाहेबांनी माहिती भरली, बटण दाबले, आणि हिरवी खूण उमटताच खुर्चीतून अर्धवट उठून म्हणाले, “सर, निघाली बघा तुमची मुलगी ड्रॉपबॉक्समधनं!” मागच्या रांगेतल्या एका बाईंनी टाळी वाजवली. मलाही त्या क्षणी दत्तात्रय हे नाव भारदस्त वाटले. आबांनी पुन्हा पेढे आणले. या वेळी आधी पावती पाहून मग आणले.

परवा अनघा शाळेतून आली आणि दप्तर न ठेवता तशीच माझ्यापुढे येऊन उभी राहिली. मराठीची वही तिच्या हातात होती. मुखपृष्ठावर तिने नव्या आधारप्रमाणे, दाखल्याप्रमाणे, जनरल रजिस्टर नंबर १ प्रमाणे आपले पूर्ण नाव लिहिले होते. त्यातल्या ‘त्र’वर लाल शाईने एक मात्रा दिलेली होती आणि खाली शेरा होता: ‘निदान वडिलांचे नाव तरी शुद्ध लिहावे.’

“बाबा, बाई म्हणाल्या, उद्या घरून सही घेऊन ये.”

मी पेन उघडले आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. मात्रा अगदी जागच्या जागी बसली होती, ठसठशीत, जराही न कलता. मी स्वतः दिली असती, तरी इतकी चांगली साधली नसती.