घोड्याविरुद्ध घोडा: मोनिका सोच्कोने तो डाव ढापला नव्हता

बुद्धिबळाच्या गप्पांत एक किस्सा पुन्हा पुन्हा फिरत येतो. २००८ साली रशियातल्या नाल्चिकमध्ये महिलांची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. पहिल्याच फेरीत पोलंडची मोनिका सोच्को आणि रोमानियाची सबीना फोइशोर यांची बरोबरी फुटेना, म्हणून शेवटी आर्मागेडनचा, म्हणजे बरोबरी फोडणारा निर्णायक झटपट डाव खेळवला गेला. पटावर दोघींचा राजा आणि एकेक घोडा उरला असताना फोइशोरची वेळ संपली. किस्सा सांगणारे म्हणतात: ती साफ बरोबरी होती, सोच्कोने आरडाओरडा करून पंचांचा निकाल फिरवला, आणि बुद्धिबळात तिची कमाई काय ती एवढीच.

मुलांना बुद्धिबळ शिकवताना मी हा डाव आवर्जून सांगतो. म्हणूनच हे वाचून मला दर वेळी वाईट वाटतं.

‘घोड्याविरुद्ध घोडा म्हणजे बरोबरीच’, हे पहिलं विधान. घरात पट असेल तर काढा (घराच्या नावात अक्षर उभ्या रांगेचं, आकडा आडव्या रांगेचा). काळा राजा ए८ च्या कोपऱ्यात ठेवा आणि काळा घोडा त्याला खेटून बी८ वर. पांढरा राजा बी६ वर. आता पांढरा घोडा डी५ वरून सी७ वर आणून शह द्या. ए७ आणि बी७ ही घरं पांढऱ्या राजाने धरली आहेत. उरलं बी८, तर तिथे काळ्याचाच घोडा वाट अडवून बसलाय. तो ए६, सी६ किंवा डी७ वर उडी मारू शकतो, पण सी७ वरच्या घोड्याला मारू शकत नाही. मात झाली.

आता तो काळा घोडा पटावरून उचला. राजा निवांत बी८ वर सरकतो, मात नाही. नुसत्या राजाला एकट्या घोड्याने मात करताच येत नाही, पण राजासोबत त्याचा घोडा असेल तर ती शक्य होते. मुलांचा यावर पटकन विश्वास बसत नाही. दोन-तीनदा मोहरी हलवून बघतात, मग गप्प होतात.

समोरच्याने मदत केल्याशिवाय अशी मात होत नाही, हे अगदी खरं. दोघींकडे भरपूर वेळ असता तर बरोबरीच झाली असती. पण एकीची वेळ संपल्यावर फिडेचा, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेचा, नियम वेगळा प्रश्न विचारतो: नियमात बसणाऱ्या कुठल्याही खेळ्यांनी, समोरचा कितीही वाईट खेळला तरी, मात होणं अशक्य आहे का? अशक्य असेल तरच बरोबरी, नाहीतर जिची वेळ संपली ती हरते. इथे ती शक्य होती. अमेरिकी संघटनेचा नियम निराळा आहे, तिथे समोरच्याकडे एकटा घोडा उरला असता वेळ संपली तर सहसा बरोबरी देतात. बराचसा गोंधळ त्यातूनच होत असावा. पण नाल्चिकची स्पर्धा फिडेची होती.

पंचांचा निकाल फिरला हे खरं आहे, पण तो आरड्याओरड्याने फिरला नाही. पंचांनी आधी बरोबरी दिली. आर्मागेडनमध्ये बरोबरी म्हणजे काळ्या मोहऱ्यांचा विजय, आणि काळी मोहरी फोइशोरकडे होती. म्हणजे त्या निकालाने सोच्को स्पर्धेबाहेर जात होती. तिने नियमावर बोट ठेवून दाद मागितली, समितीने ती मान्य केली आणि सोच्को पुढच्या फेरीत गेली. सगळं संपल्यासारखं वाटत असताना, अंगात डावाचा ताण असताना नियमाचे शब्द आठवणं ही मला फार मोठी गोष्ट वाटते. फोइशोरबद्दलही कुणी वाकडं बोलू नये. ती तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांची होती, आणि पुढे अमेरिकेकडून खेळताना २०१७ मध्ये तिने तिथलं महिला विजेतेपद जिंकलं.

आणि ‘कमाई एवढीच’? १९७८ साली वॉर्सात जन्मलेल्या मोनिकाने पोलंडचं महिला विजेतेपद पहिल्यांदा १९९५ मध्ये जिंकलं आणि पुढे एकूण आठ वेळा. २००८ मध्ये तिने ते जिंकलं, त्याच वर्षी पती बार्तोश सोच्को पुरुषांमध्ये विजेता ठरला. २००२ च्या ब्लेड ऑलिंपियाडमध्ये (देशांच्या संघांची बुद्धिबळ स्पर्धा) कांस्य, २००५ मध्ये युरोपीय सांघिक सुवर्ण, २०१० मध्ये युरोपीय वैयक्तिक कांस्य, २०१६ च्या बाकू ऑलिंपियाडमध्ये रौप्य. ब्लेड आणि बाकूमध्ये चौदा वर्षांचं अंतर आहे, आणि दोन्ही संघांत ती होती.

नाल्चिकच्याच वर्षी ती ग्रँडमास्टर झाली, म्हणजे बुद्धिबळातला सर्वोच्च किताब तिला मिळाला. काही जण याला ‘महिलांचा सवलतीचा किताब’ म्हणतात, तेही चूक. महिला ग्रँडमास्टर हा वेगळा किताब आहे आणि त्याचे निकष खालचे आहेत. सोच्कोला मिळाला तो पूर्ण ग्रँडमास्टर किताब, पुरुषांना लागू असलेल्याच निकषांवर. त्याआधी पोलंडच्या एकाही स्त्रीकडे तो नव्हता.